तेका बाये कसली म्हणतस?

"मावशी, माझं वय ४१. माहेर सावंतवाडीकडचं, सासर देवगड तालुक्यात. माहेरचं ग्रामदैवत माउली. सासरचा देव रामेश्वर, स्वयंभू पिंडी. घरच्या देव्हाऱ्यात विठोबाची पितळी मूर्ती आहे, सासूबाईंनी पंढरपूरहून आणलेली. सकाळी दिवा लावताना माझ्या तोंडून आपोआप 'बाये, सांभाळ गे' असंच येतं, समोर कुठलाही देव असो. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी सवय गेली नाही. गेल्या महिन्यात मामंजींनी ऐकलं. सगळ्यांसमोर म्हणाले, 'रामेश्वर तो. तेका बाये कसली म्हणतस? देव कोपात.' जाऊ हसली. तेव्हापासून दिवा लावताना जीभ अडखळते.

खरं कारण तुम्हालाच सांगते. बाप, मालक, स्वामी असं काही देवाला म्हणायला गेले की डोळ्यांपुढे माझे बाबा येतात. ते पिऊन आईला मारायचे. मलाही मारलंय. आणि तेच बाबा दरवर्षी माउलीच्या जत्रेत लोटांगण घालायचे. आता अंथरुणाला खिळलेत. मी जाते, औषधं देते, पाया पडायला मात्र वाकवत नाही. अजून रात्री कुणी दार आपटलं की मी दचकून उठते. आमच्या सत्संगातल्या ताई म्हणतात, देवाला पती मानून ध्यान करा. तेही जमत नाही. माझं चुकतंय का? आणि माझी तेरा वर्षांची मुलगी परवा विचारते, 'आई, देव बायल काय बापयो?' तिला काय सांगू?"

— देवगड तालुक्यातली एक वाचक

बाये,

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तुझं काही चुकत नाही. उद्या सकाळी दिव्याला काडी लावताना जे तोंडात येईल ते येऊ दे.

आणि बघ, तुला हाक मारताना माझ्याही तोंडात 'बाये'च आलं. आपल्याकडे हा शब्द फार उदार आहे. पोटच्या पोरीला बाय, थोरल्या बहिणीला बाय, देवीलाही बाय. पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. व्याकरणाच्या तासाला लिंग ओळखायला सांगायचे तेव्हा माझं ठरलेलं उदाहरण असायचं: तो देव, ती देवता, ते दैवत. एकदा नववीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग यातलं खरं कुठलं?" मी म्हटलं, परीक्षेत तिन्हींना गुण मिळतात. वर्ग हसला, पण मी काही थट्टा करत नव्हते. तुझ्याच पत्रात बघ. माउलीला तू 'ग्रामदैवत' लिहिलंस, म्हणजे 'ते'. लिहिताना तुला काही खटकलं नाही, वाचताना मलाही नाही. जी भाषा बोलत आपण मोठ्या झालो तिने हा दरवाजा कधी लावूनच घेतलेला नाही.

मामंजींच्या रामेश्वराकडे जाऊ. गाभाऱ्यात पिंडी आहे असं तू लिहितेस. पिंडी म्हणजे वर लिंग आणि खाली शाळुंका. लिंग शिवाचं, शाळुंका शक्तीची, असं आपल्याकडे पूर्वापार मानत आलेत. गुरव अभिषेकाची धार सोडतो ती दोघांवरून वाहते, आणि तीर्थ बाहेर येतं ते शाळुंकेच्या पन्हळीतून. मामंजी जन्मभर तेच तीर्थ ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावतायत. अर्धं तीर्थ तिचंच की!

तुझ्या माहेरच्या बाजूला तर याहून मोठी गंमत आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंत गावोगावी सातेरी आहे, आणि मुळात सातेरी म्हणजे वारूळ. आपली रोयण. किड्यामुंग्यांनी कण कण माती आणून उभारलेला ढीग. त्याला ना मिशी ना कुंकू. माणसांनी त्यावर मुखवटा चढवला, लुगडं नेसवलं, नाकात नथ घातली. शेतीवर पोट असलेली माणसं ती. मातीचा देव बघितल्यावर त्यांच्या तोंडून आईशिवाय दुसरं काय निघणार होतं? तेव्हा समोर जे आहे त्याला आपल्या गरजेचं तोंड देणं हे काही तू नव्याने केलेलं नाहीस. गावंच्या गावं करत आली आहेत.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं एक सांगते. दसऱ्याला आमच्याकडे तरंग निघतात. तू लहानपणी पाहिलेच असतील. लाकडी खांबाला निऱ्या घालघालून लुगडी नेसवतात, ती एकावर एक इतकी की खांब दिसेनासा होतो. ज्याने तरंग धरलाय त्याच्या अंगात अवसार येतो, म्हणजे देवच संचारतो. मी आठ-नऊ वर्षांची असताना देवीचा तरंग ज्याच्याकडे होता तो माणूस आमच्या घरी नारळ मोजायला यायचा. जाड मिशा, पानाने रंगलेले दात. तो खळ्यात आला की माझी आजी पदर डोक्यावर घ्यायची आणि दाराआडून बोलायची. त्या दिवशी मात्र तो थरथरत उभा, मानेच्या शिरा ताठलेल्या, मिशांतून घाम गळतोय, आणि आजी सगळ्यांच्या पुढे जाऊन त्याच्यासमोर हात जोडून म्हणाली, "बाये, झिलाक माझ्या बरो कर गे." धाकटे काका तेव्हा तापाने फणफणले होते. कुणी हसलं नाही. कुणी म्हणालं नाही की अगो, ह्यो तर बापयो. चार दिवसांनी तोच माणूस नारळ मोजायला आला, तेव्हा आजीचा पदर पुन्हा डोक्यावर आणि आजी पुन्हा दाराआड.

मामंजींनीही हे उभ्या आयुष्यात कितीदा तरी पाहिलं असणार. देव ज्या अंगात दिसतो त्या अंगाचाच असतो असं आपल्या मुलखाने कधी धरलेलं नाही. गावात चालतं आणि सुनेच्या तोंडी खटकतं, एवढाच काय तो फरक. तो देवाने केलेला नाही.

माझं स्वतःचं सांगू? माझं तुझ्या उलट आहे. माझी आई मारकी नव्हती, पण करडी होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवल्याचं मला आठवत नाही. मोठा गोतावळा, तिलाही उसंत कुठे होती म्हणा. आरतीत 'माउली' आलं की बाकीचे डोळे मिटायचे. मला आठवायची परसात वाकून भांडी घासणारी एक पाठ. आई म्हणजे पाठ. मला आसरा वाटला तो आरवलीच्या वेतोबाचा.

आजोबांनी एकदा नेलं होतं. वेतोबा माणसाहून थोराड, आणि नवस फेडायला लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून चपला झिजतात, असं म्हणतात. एकेक चप्पल माझ्या शाळेच्या पाटीपेक्षा मोठी. मी एकाच चपलेत दोन्ही पाय घालून उभी राहायला गेले आणि आजोबांनी दंड धरून मागे ओढलं. पण तेवढ्यात मी तळ बघून घेतला होता. बाहेरच्या अंगाने जास्त झिजलेला. आजोबांच्या वहाणा अगदी तशाच झिजायच्या. ते रात्री कंदील घेऊन माडांतून एक फेरी मारून यायचे, आणि परत आले की पडवीत खोकायचे. तो खोकला ऐकला की मला झोप लागायची. त्यानंतर कित्येक वर्षं मी देवाकडे काही मागितलं असेल तर एवढंच, की जागा राहा. तो पुरुष होता हे खरं, पण मला धीर यायचा तो कुणीतरी जागं आहे याचा.

तुला आईने झाकलं, मला आजोबांनी. ज्याच्या कुशीत आपली भीती शमली त्याचं तोंड देवाला मिळतं, असा माझा अनुभव आहे. शास्त्र नंतर येतं. आता मला ६७ वर्षं झाली. हल्ली दिवा लावते तेव्हा वेतोबा दिसतोच असं नाही. तेलाचा वास येतो आणि कुणीतरी आहे एवढं कळतं. तुझंही पुढे बदलेल, किंवा नाही बदलणार. ओढून ताणून बदलू नकोस म्हणजे झालं.

आता पुरावा. घरात पुरावा मागणारी माणसं असतात, म्हणून हाताशी असलेला बरा. मामंजी गीता वाचत असतील तर नवव्या अध्यायातला सतरावा श्लोक काढ. कृष्ण स्वतःच सांगतोय, 'पिताहमस्य जगतो माता'. या जगाचा बाप मी, आईही मीच. पण मला गीतेपेक्षा दोन बायका जवळच्या वाटतात.

एक मंगळवेढ्याची कान्होपात्रा. कथा तुला ठाऊक असेल. बिदरच्या बादशहाची माणसं तिला न्यायला आली आणि ती पंढरपुरात देवाच्या पायाशी गेली. 'नको देवराया अंत आता पाहू' हा तिचाच अभंग. सुरुवात 'देवराया'ने होते, आणि वाघाने हरिणीचं पाडस धरावं तसं झालंय असं सांगता सांगता ती कुठे येते बघ: 'धावे हो जननी विठाबाई'. विटेवर कमरेवर हात ठेवून उभा असलेला, सगळं जग ज्याला पुरुष म्हणून ओळखतं तो देव, आणि ही त्याला विठाबाई म्हणते. पुरुषांच्याच तावडीत सापडलेली बाई त्या घटकेला आणखी एका पुरुषाला कशाला हाक मारेल? मला वर्गात हे शिकवताना कधी सुचलं नव्हतं. तुझं पत्र वाचताना सुचलं.

दुसरी जनाबाई. तिची तऱ्हा वेगळी. ती विठोबाला पुरुषच ठेवते आणि त्याला आईचं काम लावते. 'विठू माझा लेकुरवाळा'. लेकुरवाळी बाई आपण रोज बघतो, लेकुरवाळा बाप्या कुणी बघितलाय? खांद्यावर निवृत्ती, सोपानाचा हात धरलेला, बंका कडेवर, नामा करंगळीला लोंबकळतोय. एसटी स्टँडवर एक पोर कडेवर, एक हाताला, आणि काखेत पिशवी अशी जी बाई गाडीची वाट बघत उभी असते ना, तसा तिचा देव. या जनाबाईकडे मी पुढे परत येणार आहे, तेवढं लक्षात ठेव.

सत्संगातल्या ताईंचं थोडक्यात आटपते. पती मानून भक्ती करणं खोटं नाही. खुद्द ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्यात, बाईच्या तोंडून. तुमच्या देवळात दोन भजनी बुवांची डबलबारी रंगते तेव्हा गवळणीला आलेले मिशाळ बुवा गोपी होऊन कान्ह्याची तक्रार करतातच की, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मोठी वाट आहे ती. पण तुझी नाही, निदान आत्ता नाही. ताईंना 'जमत नाही' म्हण. कारण सांगायची गरज नाही. जास्त विचारलंच तर मला गुडघेदुखी आहे म्हण, सत्संगात हे कारण चालतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. 'तेच बाबा दरवर्षी माउलीच्या जत्रेत लोटांगण घालायचे.' पत्र खाली ठेवून मी जरा बाहेर जाऊन आले.

देवीला आई म्हणत अंगणभर लोळणारा माणूस घरी जाऊन पोरांच्या आईला मारतो. त्याला त्यात विसंगती दिसत नाही, गावालाही दिसत नाही. म्हणून तुला सांगते, देव बाई असणं एक आणि बाईला मान असणं दुसरं. आपल्याकडे देवींना तोटा नाही. पण मानकरी पुरुष, गुरव पुरुष, गाऱ्हाणं घालणारा पुरुष, कौल लावणारा पुरुष. मघाच्या माझ्या गोष्टीत देवी बोलली तीही मिशीखालूनच बोलली. आजकाल शहाणीसुरती माणसं सांगतात की देवाला स्त्रीरूपात बघितलं की बायकांचं भलं होतं. झालं असतं तर आपलं कोकण कधीच बायकांचं राज्य झालं असतं. तू देवाला 'बाये' म्हण ते तुझ्या जिवाला थंडावा मिळतो म्हणून म्हण. त्याने घरातलं बाकी काही आपोआप सुधारेल असं धरून बसू नकोस.

बाबांचं. पाया पडायला वाकवत नाही, तर वाकू नकोस. औषधं देतेस, ती वेळेवर देतेस, एवढ्यावर तुझं देणं फिटलं. देव्हाऱ्यासमोर बसून त्यांना माफ करण्याचा प्रयत्न करू नकोस. तो हिशोब देवाच्या खात्यात ओढला की देवासमोर बसणंही नको होतं. आणि दार आपटलं की दचकून उठतेस, त्याचा देव बाई की पुरुष याच्याशी काही संबंध लावू नकोस. अंगात साठलेलं भय आहे ते. त्याला नामस्मरणाने उतार पडतो, पण ते जात नाही. त्यासाठी माणसाशीच बोलावं लागतं. सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुपारी घर झोपलं की मागच्या दारी बसून फोन लाव. वेड लागलेल्यांसाठी असतं ते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. गुडघा दुखला की आपण जातोच ना डॉक्टरकडे.

आता जनाबाई. विठोबाची पितळी मूर्ती तू रोज घासत असशील. चिंच लावून, राख लावून, काय तुमच्याकडे लावतात ते. कधीतरी घासताना तिच्याकडे 'लेकुरवाळा' म्हणून बघून बघ. घाई नाही, सक्ती तर मुळीच नाही. मारायला हात न उचलणारा, पोरं कडेवर घेऊन उभा राहणारा पुरुष असू शकतो, एवढंच डोळ्यांना दाखवायचं. तुला असा पुरुष लहानपणी बघायला मिळाला नाही. तुझ्या मुलीला मिळतोय का? एवढ्या लांब पत्रात मामंजी आले, जाऊ आली, नवऱ्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तो दार आपटणारा आहे की हळू लावणारा, हे मला कळवू नकोस, पण तुझं तू बघ. हळू लावणारा असेल तर त्याला हे सगळं सांग. अठरा वर्षांत सांगितलं नसशील असं मला वाटतंय.

मामंजींशी वाद घालायचा नाही. वर दिलेले पुरावे तुझ्यासाठी आहेत, त्यांच्या अंगावर फेकायला नव्हेत. 'देव कोपात' असं जो म्हातारा म्हणतो तो रागावलेला नसतो, भ्यालेला असतो. घराण्यात काही उणं-अधिक झालं आणि दोष सुनेच्या तोंडच्या शब्दावर आला तर, अशी काहीतरी त्यांची भीती असणार. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं, 'बारा पाचाच्या देवा म्हाराजा' झालं, की सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हण. ते सगळ्या गावाचं बोलणं आहे, त्यातले शब्द बदलायचे नसतात. देव्हाऱ्यापुढचं पुटपुटणं तुझं एकटीचं. ते तुझ्या शब्दांत.

तरी पुन्हा कानावर गेलंच आणि त्यांनी हटकलं, तर म्हण, "म्हायेरच्या माउलीची याद येता, मामंजी." खोटंही नाही ते. म्हाताऱ्या माणसांना माहेरची आठवण कळते, त्यांच्या आईनेही काढली असेल. आणि मोठ्याने म्हणायची इच्छा असेल तर 'बाये'च्या जागी 'माउली' म्हण. हा शब्द तुझ्या फार कामाचा आहे. सावंतवाडीकडे माउली म्हणजे गावची देवी. आणि आळंदीच्या ज्ञानोबांना अख्खा महाराष्ट्र माउली म्हणतो, विठोबालाही म्हणतो, वारीत तर समोर येईल त्या दाढीवाल्यालाही 'माउली, जरा सरका' म्हणतात. 'तेका माउली कसली म्हणतस' असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकलंयस? एकच शब्द, तुझ्या माहेरचाही आणि सासूबाईंच्या पंढरपूरचाही. 'बाये' मनात ठेव. (जाऊ हसली ते मनावर घेऊ नकोस. जावा हसतातच.)

माहेरच्या माउलीची ओटी दरवर्षी भरतेस का, ते लिहिलं नाहीस. बंद केली असशील तर पुन्हा सुरू कर. त्याला सासरची हरकत नसते, रीतच आहे ती. जत्रेत जायला मन घेत नसेल, आणि का घेणार नाही ते मला समजतं, तर आडदिवशी दुपारची जा. देऊळ रिकामं असतं, फरशी थंड असते. खण, नारळ, तांदूळ. नारळाची शेंडी काढू नकोस.

राहिली लेक. तेराव्या वर्षी हा प्रश्न तिला का पडला, हे विचारलंस का तिला? मला एक शंका आहे. या वयात मुली शहाण्या होतात, आणि घरात कुणीतरी सांगतं, चार दिवस देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही. तसं झालं असेल तर ती जे विचारतेय त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे: देवी जर बाई आहे, तर मी लांब का? चोखोबांची सोयराबाई हे कधीच विचारून गेलीय, 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म'. माझं मत विचारशील तर देव्हारा पोरीला महिन्याचे तीसही दिवस उघडा ठेव. पण घर माझं नाही, तिथे रोज राहायचंय तुला. निदान तिला हे तरी सांग, की लांब बसवतात ती माणसं, देव नव्हे.

आणि तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायची घाई करू नकोस. 'तुला कसा दिसतो?' असं विचार आणि गप्प बस. तेरा वर्षांची पोर काय सांगेल याचा नेम नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं, देव म्हणजे आमच्या होडीवरचा दिवा. तो कुठल्या लिंगात बसवणार? तो दिवा, ती पणती, ते निरांजन. घ्या पुन्हा तिन्ही.

तिला दाखवायचंच असेल तर मुंबईला भावाकडे किंवा कुणाकडे जाशील तेव्हा एक दिवस काढून घारापुरीला ने. गेटवेवरून लाँच मिळते, तासाभराचा प्रवास. घारापुरी रायगड जिल्ह्यात येते, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची. सहाव्या शतकातलं लेणं ते. मोठ्या त्रिमूर्तीपुढे सगळे फोटो काढतात. तिथे तिला दोन बाजूंची तोंडं बघायला सांग: एका अंगाला उग्र, हातात नाग, दुसऱ्या अंगाला नाजूक ओठांचं, बायकी, हातात कमळ. मग शेजारच्या अर्धनारीश्वरासमोर उभी राहा. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी पुरी पडणार नाहीत एवढा उंच. उजवं अंग शंकराचं, नंदीवर रेललेलं. डावं अंग पार्वतीचं, तिचा तो एकच स्तन, कमरेचा बाक, आणि तिच्या हातात आरसा. मी गेले होते तेव्हा शाळेच्या सहलीतली मुलं खिदळत होती, आणि एक मुलगी तेवढी मधली रेघ कुठे आहे ते बोटाने हवेत काढून बघत होती. तिला ती सापडत नव्हती. मलाही सापडली नाही.

फक्त सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात. वार शंकराचा आणि कुलूप शंकराच्याच दाराला, हे पोरीला आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यावरून आणखी एक प्रश्न येईल आणि तू मला पुन्हा पत्र लिहिशील.

तुझी,
मावशी